पळणाऱ्यांनी इन्सोल घ्यायचं का? आधी दुखणं ओळखा, मग पाय बघा

जून संपत आला, पाऊस धरला आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की आमच्या ठाण्याच्या ग्रुपवर दर वर्षी एक फोटो येतोच, ओल्या पायाचा फरशीवर उमटलेला ठसा आणि खाली प्रश्न, "ताई माझा पाय पूर्ण सपाट आहे, इन्सोल घेऊ का?" मी उलट एकच विचारते, दुखतंय कुठे? आणि बऱ्याचदा उत्तर येतं की दुखत काहीच नाहीये, पण दुकानात सांगितलं की असंच पळत राहिलात तर पुढे गुडघे जातील.

मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण चांगला पळणारा माणूस अशा एका वाक्याने घाबरतो, एका नव्या शूजच्या जोडाएवढे पैसे घालवतो आणि वर ज्या पायाला काही झालेलंच नाही त्याच्याबद्दल आयुष्यभर शंका घेऊन पळतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की इन्सोल हा दुखण्यावरचा इलाज आहे, पायाच्या आकारावरचा नाही. दुखणं कुठलं हे ठरलं की इन्सोल लागेल का नाही हे ठरवणं बरंच सोपं जातं.

आधी शब्दांचा घोळ काढून टाकू. शूजमध्ये कंपनीने टाकलेला जो पातळ फोमचा तुकडा असतो, बाहेर काढता येतो तो, त्याला पण लोक इन्सोल म्हणतात, त्याचा सपोर्ट जवळपास शून्य. दुसरा प्रकार म्हणजे दुकानात साइजप्रमाणे मिळणारं रेडीमेड, खाली जरा कडक प्लास्टिक किंवा घट्ट फोम, मध्ये कमानीला, म्हणजे तळव्याच्या आतल्या बाजूला वर उचललेल्या भागाला उंचवटा, टाचेला खोलगट वाटी. आणि तिसरं कस्टम, म्हणजे तुमच्या पायाचा साचा घेऊन किंवा स्कॅन करून बनवलेलं. ऑर्थोटिक म्हणतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्याला. जेलच्या मऊ गाद्या यात धरू नका, त्या नुसत्या गाद्याच.

माझीच गोष्ट सांगते, २०१८ ची. उजवी टाच सकाळी पलंगावरून खाली टेकवली की काच टोचल्यासारखी दुखायची, पाचदहा पावलं चालले की कमी, ऑफिसमध्ये तासभर बसून उठले की परत तेच. एका दुकानात गेले, त्यांनी मशीनवर उभं केलं, स्क्रीनवर पायाचं लाल-पिवळं-निळं चित्र आलं, ओव्हरप्रोनेशन आहे म्हणाले, म्हणजे पाय आतल्या बाजूला कलंडतो, आणि दहा मिनिटांत कस्टम इन्सोलची ऑर्डर झाली पण. टाच कुठे दुखते, कधी दुखते, आठवड्याला किती पळता, एकही प्रश्न नाही. तीन आठवड्यांनी टाच होती तशीच आणि कमानीखाली मोठा फोड आला तो वेगळाच, शिवाय गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. मग एका फिजिओकडे गेले, त्यांनी पायाकडे बघायच्या आधी वही घेतली आणि विचारलं, दुखायला लागायच्या आधीच्या सहा आठवड्यांत काय बदललं? तेव्हा लक्षात आलं की आठवड्याचे २५ किलोमीटर मी ४५ वर नेले होते आणि त्यात येऊरचा चढ आठवड्यातून दोनदा, तोही नव्या, टाच बरीच खाली असलेल्या शूजमध्ये. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. माझा पाय तर आधीची चार वर्षं पण तसाच कलंडत होता की, तेव्हा कुठे दुखत होता?

आकाराबद्दल आधी बोलते, कारण भीती तिथूनच येते. डेन्मार्कमध्ये ९२७ नव्या पळणाऱ्यांना घेतलं, सगळ्यांना एकाच प्रकारचे साधे न्यूट्रल, म्हणजे कलणं रोखायचा वेगळा आधार नसलेले शूज दिले, कोणाचा पाय किती आत कलंडतो ते मोजून ठेवलं आणि वर्षभर कोणाला दुखापत होते ते बघत राहिले. २०१४ ला निकाल छापून आला, पाय आत कलंडणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या असं काही दिसलं नाही, उलट दर हजार किलोमीटरमागे मोजलं तर थोड्या कमीच. अमेरिकन लष्कराने पण हे करून बघितलं, भरती झालेल्या जवानांना पायाच्या कमानीप्रमाणे शूज वाटले, सपाटवाल्यांना वेगळे उंच कमानवाल्यांना वेगळे, आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकच प्रकार, दुखापतींमध्ये फारसा फरक पडला नाही.

आणि लहान मुलांबद्दल तर आपल्याकडचाच अभ्यास आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी कर्नाटकात ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले, १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बूट घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाय ८.६ टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांमध्ये २.८ टक्के. त्यामुळे पाचसहा वर्षांच्या मुलाचा ठसा बघून त्याला इन्सोल घालायला धावू नका, त्या वयात कमान अजून तयारच होत असते, मूल पळतंय खेळतंय आणि काही दुखत नाही म्हणजे ठीक आहे, त्याला अंगणात मातीत अनवाणी खेळू द्या.

मग इन्सोल नक्की करतं काय? हाडं सरळ करतं, पाय लाइनमध्ये आणतं, असं सांगितलं जातं, पण मोजून बघितलं तर टाचेचं कलणं सरासरी एकदोन अंशांनीच बदलतं. खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे, ते भार सरकवतं. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोनअडीच पट जोर जमिनीवर येतो, मिनिटाला १७० च्या आसपास पावलं पडतात, म्हणजे तासाभरात दहा हजार. एखादी शीर, स्नायूबंध किंवा सांधा त्या भाराने वैतागलेला असेल तर इन्सोल त्याच्यावरचा थोडा भार काढून शेजारच्या भागावर टाकतं. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. म्हणून तर मला नको असलेलं इन्सोल घातल्यावर गुडघा बोलायला लागला. दुखऱ्या भागावरचा भार हलवला तर आराम पडतो, न दुखणाऱ्याचा हलवला तर उगाच नवीन ठिकाण दुखायला लागू शकतं.

आता ठरवायचं कसं ते. पहिलं काम, एका बोटाने दाखवायचं कुठे दुखतंय. पूर्ण हाताने नाही, एका बोटाने. मी ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे करायला लावते.

टाचेच्या खाली, जरा आतल्या बाजूला, आणि सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, हे बहुतेक वेळा प्लांटर फॅशियाचं, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखालून जो जाड पट्टा जातो त्याचं दुखणं. इथे इन्सोल थोडी मदत करतं. ऑस्ट्रेलियात १३५ लोकांवर प्रयोग झाला होता, २००६ ला प्रसिद्ध झाला, एका गटाला नुसता मऊ दिखाऊ फोम, दुसऱ्याला रेडीमेड, तिसऱ्याला कस्टम. तीन महिन्यांनी रेडीमेड आणि कस्टम दोन्ही गटांचं चालणं-फिरणं दिखाऊवाल्यांपेक्षा थोडं बरं होतं आणि त्या दोघांत फरक जवळपास नाही, वर्षाने तिन्ही गट सारखेच. म्हणजे टाचदुखीला आधी रेडीमेडच घ्या, थेट कस्टमवर जायचं काही कारण नाही. आणि सोबत पोटरीचा व्यायाम पाहिजेच. डेन्मार्कमध्येच ४८ लोकांना घेऊन हे बघितलं, दोन्ही गटांना इन्सोल होतं, पण एका गटाला स्ट्रेचिंग आणि दुसऱ्याला पायरीवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, हळूहळू टाच वर-खाली, एक दिवसाआड, वजन वाढवत. तीन महिन्यांनी टॉवेलवाला गट बराच पुढे होता. मी तेच केलं, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून जिन्याच्या पायरीवर.

घोट्याच्या आतल्या बाजूला, उंच हाडाच्या मागून खाली कमानीकडे दुखत असेल, तिथे सूज असेल आणि एकाच पायाची कमान गेल्या वर्षभरात खाली बसल्यासारखी वाटत असेल तर मात्र लगेच लक्ष द्या. हा टिबियालिस पोस्टिरियर नावाच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, कमान धरून ठेवणारा. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू, वय ५३, हे दुखणं अंगावर काढत होत्या, मागून बघितलं तर उजव्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला जास्त दिसायची आणि एका पायावर चवड्यावर उभंच राहता यायचं नाही. त्यांना ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी कस्टम ऑर्थोटिक दिलं, ते बरोबरच होतं, त्यांच्या टेंडनला त्या आधाराची खरोखर गरज होती, आणि सोबत सहा महिने व्यायाम. आठव्या महिन्यात त्या उपवनला पाच किलोमीटर पळाल्या तेव्हा आम्ही सगळे रडलो होतो.

गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा मागे दुखतं, जिना उतरताना जास्त, तिथे थोडे दिवस इन्सोलचा उपयोग होऊ शकतो. ब्रिस्बेनमध्ये १७९ लोकांवर बघितलं होतं, सहा आठवड्यांनी इन्सोलवाले सपाट फोमवाल्यांपेक्षा बरे होते, वर्षाने सगळेच सुधारलेले. म्हणजे मांडी-नितंबाचा व्यायाम चालू असताना मधला काळ जरा सुसह्य करण्यासाठी घ्या हवं तर.

चवड्याखाली खडा टोचल्यासारखं वाटणं, तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या, याला पूर्ण इन्सोलपेक्षा एक छोटा मेटाटार्सल पॅड, म्हणजे चवड्याच्या हाडांसाठीची छोटी गादी पुरतो, फक्त तो दुखऱ्या जागेच्या खाली नाही तर तिच्या जरा मागे लावायचा असतो, बहुतेक जण इथेच चुकतात आणि दुखणं वाढवून घेतात. आणि आधी शूज पुढून रुंद घ्या, बऱ्याच जणांचं तेवढ्यानेच जातं. टाचेमागच्या अकिलीस टेंडनला टाचेखालची छोटी लिफ्ट, म्हणजे टाच जरा उंच करणारा तुकडा, काही आठवडे आराम देते, कमानीचा सपोर्ट नाही लागत.

उंच कमानवाल्यांना कोणी विचारत नाही, पण त्यांचा पाय टाच आणि चवडा दोनच ठिकाणी टेकतो, सगळा दाब तिथे. अशा दुखऱ्या पायांना कस्टम इन्सोलचा चांगला फायदा झाल्याचं ऑस्ट्रेलियातच १५४ लोकांवर दिसलं होतं. तेव्हा इन्सोल म्हणजे सपाट पायवाल्यांची वस्तू हा समज डोक्यातून काढा. मांडीची बाहेरची बाजू, खुबा, कंबर यासाठी मात्र मी इन्सोलपासून सुरुवात कधीच करणार नाही.

आता काही दुखणी अशी आहेत जिथे इन्सोलचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर. हाडावर एका बोटाएवढ्या जागी दाबलं की कळ येते, पळताना वाढत जाते, रात्री पण ठणकते, एका पायावर उडी मारता येत नाही, हे स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं, नडगीवर, चवड्याच्या लांब हाडांवर किंवा पायाच्या वरच्या बाजूला मधोमध नॅव्हिक्युलर हाडावर. सुरुवातीचा एक्स-रे बरेचदा नॉर्मल येतो, त्यामुळे एक्स-रे क्लिअर आहे म्हणून परत पळायला जाऊ नका, एमआरआय लागतो का ते डॉक्टरांना विचारा. बायकांनो, यात पाळी अनियमित झाली असेल, बंद झाली असेल तर ते पण डॉक्टरांना सांगायचंच, लाजू नका, कमी खाणं आणि जास्त पळणं याचा हाडांवर थेट परिणाम होतो. तिशीच्या आतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली असते आणि हालचाल केल्यावर बरं वाटतं, असं असेल तर ते संधिवाताचं असू शकतं, तिथे टाचेखाली काहीही घातलं तरी मूळ तसंच राहणार. आणि डायबेटिस असेल आणि तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर स्वतःहून कडक इन्सोल कधीच घालू नका, फोड आलेला कळणार नाही. अशा पायांसाठी आपल्याकडे एमसीआर नावाच्या मऊ रबराची पादत्राणं आणि इन्सोल बनवतात, ते डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

दुसरं काम वही किंवा घड्याळाचं ॲप उघडायचं. दुखायला लागायच्या आधीचे सहा ते आठ आठवडे बघा. किलोमीटर किती वाढले, चढ-उतार आला का, ट्रॅकवर वेगाचे सेशन सुरू केले का, शूज बदलले का, किंवा बदललेच नाहीत आणि त्याच जोडावर आठशे-हजार किलोमीटर झाले का. रस्ता कडेला उतरता असतो, रोज एकाच बाजूने पळालात तर एक पाय कायम खालच्या अंगाला पडतो, हे आमच्याकडे सर्व्हिस रोडवर पळणाऱ्या दोघांच्या बाबतीत निघालं होतं, बाजू बदलली आणि पंधरा दिवसांत फरक. यात काही सापडलं तर आधी ते सुधारा, दोन-तीन आठवडे मायलेज निम्म्यावर आणा, चढ बंद, आणि बघा. माझ्या अनुभवात खूप जणांचा इन्सोलचा प्रश्न इथेच संपतो.

तिसरं, घरच्या घरी पाय तपासा, पण ठशावर थांबू नका, ठसा फक्त आकार सांगतो, पाय काम कसं करतो हे सांगत नाही. दोन्ही पायांवर चवड्यावर उभे राहा आणि कोणाला तरी मागून बघायला सांगा, उभं राहिल्यावर कमान दिसायला लागली आणि टाच आत वळली तर पाय लवचिक आहे, सपाट असला तरी काळजी नाही. चवड्यावर जाऊन पण कमान अजिबात येत नाही, पाय ताठ आणि दुखरा, तर डॉक्टरांना दाखवा. मग उभ्या उभ्याच कोणाला तरी तुमचा पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा, कमान वर येते का बघा. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच वर-खाली करा, दमेपर्यंत, दोन्ही बाजूंनी मोजा. वीस-पंचवीस छान, एका बाजूला बावीस आणि दुसऱ्या बाजूला नऊ निघाले तर त्या नऊवाल्या पायाला व्यायामाची गरज आहे हे स्पष्ट झालं. शेवटी भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजा, दोन्ही पायांत दोनतीन सेंटिमीटरचा फरक असेल तर पोटरी किंवा घोटा घट्ट आहे. जुन्या शूजचा तळ टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजलेला बघून घाबरू नका, तो बहुतेक सगळ्यांचाच तसा झिजतो.

एवढं करून दुखणं राहिलं आणि ते वर लिहिलेल्यांपैकी असेल, तर चौथं काम स्वस्तात ट्रायल. फिजिओकडून तळव्याला लो-डाय पद्धतीची टेप लावून घ्या, कमान उचलून धरणारी, दोन दिवस टिकते. टेप असताना चाललात, हलकं पळालात आणि दुखणं स्पष्ट कमी झालं तर इन्सोलचा फायदा व्हायची शक्यता चांगली आहे, कारण टेप थोडक्यात तेच काम करते. टेपने काडीचा फरक नाही पडला तर मी इन्सोलवर पैसे घालवणार नाही.

फरक पडला तर रेडीमेड घ्यायला जा, आणि संध्याकाळी जा कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, पळायचे शूज आणि मोजे घेऊन जा. आधी शूजमधला मूळ तुकडा काढा मग नवीन टाका, एकावर एक टाकू नका, टाच वर येऊन शूजमधून सटकायला लागते. उंचवटा कमानीच्या मध्यभागी आला पाहिजे, फार पुढे आला तर तळव्यात गोटीसारखा टोचतो. मग दुकानातच पाच मिनिटं चाला, जागच्या जागी पळा, एका पायावर उभे राहा. आरामदायक वाटलं पाहिजे, पहिल्याच मिनिटाला. "सवय होईल" यावर विश्वास ठेवू नका. कॅलगरी युनिव्हर्सिटीचे बेन्नो निग यांनी आयुष्यभर पळण्याचा अभ्यास केला, त्यांच्या टीमने २०६ सैनिक घेतले, त्यातल्या एका गटासमोर सहा प्रकारची इन्सोल ठेवली आणि ज्याला जे आरामशीर वाटेल ते निवडायला सांगितलं. सगळ्यांची निवड एकसारखी नव्हती आणि स्वतः निवडलेलं घालणाऱ्यांना इन्सोल नसलेल्यांपेक्षा त्रास कमी झाला. म्हणजे मशीनचं रंगीत चित्र एका बाजूला आणि तुमच्या पायाचं मत दुसऱ्या बाजूला असेल तर पायाचं ऐका.

घेतल्यावर लगेच लाँग रनला नाही घालायचं हां. पहिले दोनतीन दिवस तासभर चालायला, मग रोज तासभर वाढवत न्या, आठदहा दिवसांनी दोन-तीन किलोमीटरचा सावकाश रन, पूर्ण रन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कमानीखाली लालसर होतंय, फोड येतोय, नवीन ठिकाणी दुखतंय तर काढून टाका, रेटून घालू नका. सहा आठवडे नीट वापरून काहीच फरक नाही तर ते इन्सोल तुमच्यासाठी नाही, एवढं सरळ आहे.

कस्टम कधी मग? रेडीमेडने फायदा झाला पण तुमचा पाय खूप रुंद, खूप उंच कमानीचा किंवा दोन पाय बरेच वेगळे म्हणून ते नीट बसत नाही, काकूंसारखा टेंडनचा आजार आहे, अंगठ्याचा सांधा ताठ झालाय, पायांच्या लांबीत डॉक्टरांनी मोजलेला मोठा फरक आहे, किंवा जुनं फ्रॅक्चर-ऑपरेशन आहे. एवढ्यात तुम्ही बसत नसाल तर थांबा. आणि बनवायचं तर दुकानात नाही, प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधार बनवायला शिकलेल्या माणसाकडून बनवा. आपल्याकडे पोडियाट्रिस्ट, म्हणजे फक्त पावलांचे तज्ज्ञ, फार कमी आहेत पण हे लोक आहेत, त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, ती विचारा, विचारण्यात काही गैर नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, तिथे याचा स्वतंत्र विभाग आहे, खूप जणांना हे माहीतच नसतं. बनवणाऱ्याने तुम्हाला झोपवून, उभं करून, चालवून बघितलं पाहिजे, दुखणं विचारलं पाहिजे, तुमचे पळायचे शूज मागितले पाहिजेत, आणि पंधरा दिवसांनी परत बोलावून घासून-बदलून दिलं पाहिजे. "हे तुम्हाला कायम घालावं लागेल" असं पहिल्याच भेटीत, न तपासता कोणी म्हणालं तर तिथून उठा.

एक गोष्ट आपल्या घरांची. इन्सोलचे हे सगळे अभ्यास जिथे झाले तिथे बरेच लोक दिवसभर बूट घालून असतात, म्हणजे इन्सोल आठदहा तास पायाखाली. आपण चप्पल दाराबाहेर काढतो आणि घरात कडक फरशीवर, ओट्यासमोर तास न् तास अनवाणी उभं राहतो. सकाळी एक तास शूजमध्ये आधार आणि उरलेला दिवस फरशी, मग टाच कशी बरी होईल? टाचदुखी असेपर्यंत घरात वापरायला एक वेगळी, जरा जाड आणि कमानीला आधार असलेली चप्पल ठेवा, पलंगाशेजारीच, म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल पण त्यातच पडेल. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला घरात चप्पल अजिबात पटलं नव्हतं, पण त्यांचीही टाच दुखायची, दोन महिन्यांनी त्यांनीच स्वतःसाठी एक जोड मागवून घेतला.

पावसाळ्यात प्रत्येक रननंतर इन्सोल शूजमधून बाहेर काढून पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा गीझरजवळ नको, फोम वाकडा होतो आणि मग आकारच बिघडतो. फोमचं इन्सोल नियमित पळणाऱ्याकडे सहा महिने ते वर्षभर चालतं, अंगठ्याने दाबून बघा, दबलेलं वर येत नसेल तर संपलं.

आणि दुखणं गेल्यावर काढायचं कसं ते पण सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. माझं ते कस्टम कपाटात गेलं, फिजिओच्या सल्ल्याने साधं रेडीमेड घेतलं आणि पायरीवरचा व्यायाम. चार महिन्यांनी सकाळचं पहिलं पाऊल सलग तीन आठवडे न दुखता पडलं आणि उजव्या पायावर सलग बावीस वेळा टाच उचलता आली, तेव्हा आधी मंगळवारच्या चार किलोमीटरच्या सोप्या रनमधून इन्सोल काढलं. दोन आठवडे काही झालं नाही मग गुरुवारच्या रनमधून, मग रविवारच्या लाँग रनमधून, आणि येऊरच्या चढाला सगळ्यात शेवटी. मध्ये एकदा टाच कुरकुरली तर एक आठवडा परत घातलं, परत काढलं. काकूंनी मात्र काढलेलं नाही आणि डॉक्टरांनी त्यांना काढायला सांगितलेलंही नाही, त्या त्याच्यावरच पळतात, आणि या वर्षी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात त्या माझ्या पुढे होत्या.